दुखत नाही, खाजतं!

आमच्या थोरल्या बहिणीची मुलगी दोन महिने डॉक्टरांशी खोटे बोलत होती. दर पंधरवड्याला आम्ही तिला पनवेल स्टेशनवरून लोकलने मुंबईच्या रुग्णालयात नेत असू. डॉक्टर विचारीत, "काय त्रास आहे?" गळ्याला पट्टा असल्यामुळे मान खाली घालायची सोय नव्हती, म्हणून ती नजर खाली घाली आणि म्हणे, "दुखतंय." डॉक्टर दुखण्याची गोळी लिहून देत. आम्ही गोळ्या घेऊन परतीची गाडी पकडत असू. गोळ्यांनी काडीचा फरक पडत नसे, कारण तिला दुखत नव्हतेच. तिला खाजत होते.

या पानावर आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, जातपडताळणीची कागदपत्रे, शिधापत्रिकेतील नाव अशा गोष्टींवर लिहितो. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून आहोत, डॉक्टर नव्हे. परंतु रुग्णालयाच्या बाकावर बसून जे शिकलो ते घरोघरच्या आया-बहिणींना उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा विषय घेतला.

भाची चार वर्षांची असताना आंघोळीचे कढत पाणी तिच्या अंगावर सांडले. हनुवटी, गळा आणि छातीचा वरचा भाग भाजला. जखम भरली, पण भरता भरता कातडी आखडली आणि हनुवटी खाली ओढली गेली. मान डावीकडे वळेना. आभाळाकडे बघायचे तर पाठीतून वाकावे लागे. अशाच स्थितीत ती बारावी झाली आणि तळोजा एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली. २०२२ च्या डिसेंबरात, तेवीस वर्षांची असताना, तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. आखडलेली कातडी कापून मोकळी केली, आणि मांडीची पातळ कातडी काढून त्या जागी लावली. यालाच त्वचारोपण म्हणतात. केशरी शिधापत्रिका असल्याने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून खर्च झाला. ही योजना रायगड जिल्ह्यात २०१२ सालापासून आहे. तेव्हा तिचे नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना असे होते. २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली. निव्वळ शोभेसाठीची शस्त्रक्रिया तिच्यात बसत नाही, पण भाजल्यामुळे आखडलेला अवयव मोकळा करणे ही शोभेची गोष्ट नव्हे. रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून हे आधीच विचारून घ्यावे.

वस्तीत मात्र बातमी वेगळी पसरली. "लग्नासाठी कॉस्मेटिक सर्जरी करून आली." विहारातून बाहेर पडताना एक बाई आमच्या देखत म्हणाल्या, "नट्यांची थेरं आता आपल्याकडेही आली." भाचीने ते ऐकले. तिने तोंडाला जे कुलूप लावले त्याचे एक कारण हे होते. एवढ्या हौसेने मान नीट करून घेतली, आता कसली तक्रार करायची!

दुसरे कारण तो शब्दच होता. आपल्या मराठीत 'खाज' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. "फार खाज आली आहे का?" असे भांडणात बोलतात, पोरीबाळींना तर हमखास. मग तेवीस वर्षांची मुलगी दहा माणसांच्या ओपीडीत, पुरुष डॉक्टरसमोर, "मला खाज येते" कसे म्हणणार? ती म्हणे "दुखतं", "आग होते", "कसंतरी होतं". कंड हा शब्द जरा सभ्य आहे, पण तो तिला आठवला नाही, आणि आठवून काही उपयोग झाला असता असेही आम्हांस वाटत नाही. आजार एक, सांगितला दुसरा आणि औषध तिसरेच. आम्ही शेजारी बसून होतो. आम्हांलाही समजले नाही.

रात्री काय चालत असे ते नंतर कळले. सर्व झोपले की ती गळपट्ट्याच्या आत फुटपट्टी सारून खाजवी. कधी कंगव्याचे दात, कधी केसांची पिन. मांडीवर, जिथली कातडी काढली होती तिथे, साडीच्या जाड काठाने घासत बसे. पहाटे चारला डोळा लागे आणि सहाला नळाचे पाणी भरायला उठावे लागे. फेब्रुवारीत एके सकाळी उशीवर रक्ताचा डाग दिसला तेव्हा आमची बहीण घाबरून आमच्याकडे धावत आली. गळ्याच्या डाव्या कोपऱ्यात रुपयाएवढी नवी कातडी फाटली होती आणि खालून पाणी येत होते.

रुग्णालयात त्या दिवशी ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर वयस्क होत्या. त्यांनी जखम पाहिली, नखे पाहिली, आणि "काय त्रास आहे" असे न विचारता एवढेच विचारले, "रात्री झोप लागते का गं?" पोरीचा बांध फुटला. रडत आमच्याकडे वळून म्हणाली, "मामा, दुखत नाय. खाजतंय. लय खाजतंय." सिस्टर म्हणाल्या, "मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? इथे सगळ्यांनाच खाजतं."

सगळ्यांनाच का खाजते?

जखम भरताना शरीर त्या जागी हिस्टामिन नावाचे एक द्रव्य सोडते. डास चावल्यावर गांधी उठून खाजते तीही याच द्रव्याने. भाजलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या जागी ते बरेच दिवस पाझरत राहते. शिवाय कापल्या गेलेल्या बारीक नसा, म्हणजे ज्ञानतंतू, पुन्हा वाढू लागतात. वाढणाऱ्या या नसा मेंदूला उलटसुलट निरोप धाडतात. कुणी स्पर्श केलेला नसताना मुंग्या येतात, टोचते, खाजते. तिसरी गोष्ट कोरडेपणा. आपल्या कातडीत तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी असतात. रोपणासाठी वरचा पातळ पापुद्रा काढतात तेव्हा त्या ग्रंथी खोलवर, मांडीतच राहतात. गळ्यावर लावलेल्या कातडीला स्वतःचे तेल नसते. ती सुकते, ताणते आणि खाजते.

म्हणजे आपल्या आज्या म्हणत, "खाज सुटली की समजावं जखम भरते आहे," ते अर्धे खरे आहे. राहिलेले अर्धे असे की ती निमूट सोसण्याची गोष्ट नाही. भाजल्यानंतरची खाज पहिले काही महिने जोरात असते, आणि वण मुरेपर्यंत, म्हणजे वर्ष-दोन वर्षे, थोडीफार येत-जात राहते. दोन वर्षे कुणी दात-ओठ खाऊन काढावीत, असे कोणत्याही वैद्यकशास्त्रात सांगितलेले नाही. तिच्यावर औषध आहे.

खाजवले की बरे का वाटते, हाही प्रश्न आम्ही विचारला. खाजवण्याने थोडी वेदना होते, आणि वेदनेचा निरोप खाजेच्या निरोपाला दाबून टाकतो. पण त्याच वेळी कातडीला इजा होते, तिथे पुन्हा हिस्टामिन सुटते, आणि मग पहिल्यापेक्षा जास्त खाजते. सावकाराच्या व्याजासारखे हे चक्र आहे.

रायगडातील लोकांना भाताची लावणी सांगायला नको. रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावले की मूळ धरेपर्यंत कुणी ते हलवीत नाही. रोपण केलेली कातडीही पहिले एक-दोन दिवस खालच्या जखमेतील ओलावा शोषून जगते, मग हळूहळू रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात. म्हणून साधारण पाचव्या दिवसापर्यंत पट्टी सोडत नाहीत. या काळात खाज आली तरी पट्टीवरून चोळणेसुद्धा नको. कातडी खालच्या खाली सरकली तर मेली. मांडीवरची जागा दोन-अडीच आठवड्यांत भरते, पण खाजते मात्र गळ्यापेक्षा जास्त. पुष्कळांना याची कल्पना नसते आणि "ऑपरेशन गळ्याचं, खाज मांडीला का?" म्हणून ते घाबरतात.

औषधाच्या आधी घरचे वैद्य

आमच्या घरात त्या दोन महिन्यांत काय काय लावले गेले याची यादी सांगायला आम्हांस लाज वाटते. भाचीने तोंड उघडले नसले तरी तिची चुळबुळ पाहून आजीला थोडेफार समजले असावे. तिने हळद लावली, मग कडुलिंबाचा पाला वाटून लावला. शेजारणीने टाल्कम पावडर दिली. तिने कातडी आणखी सुकली आणि पट्ट्याखाली घामाशी मिसळून तिचा चिखल झाला. चालू जखमेवर यातले काहीही नको. कडुलिंबाचे झाड कितीही चांगले असले तरी अंगणातला पाला जंतुविरहित नसतो.

सर्वांत वाईट काम आम्हीच केले, तेही सांगून टाकतो. औषधाच्या दुकानातून खाजेवरची एक ट्यूब आम्ही आणून दिली. चिठ्ठी नव्हती, दुकानदारानेही विचारली नाही. अशा पुष्कळ ट्यूबांत स्टिरॉइड असते, आणि जोडीला बुरशीचे नि जंतूंचे औषध एकत्र कालवलेले असते. दोन दिवस बरे वाटते. पण स्टिरॉइडने कातडी पातळ होते, भरणारी जखम मंदावते, आणि खाली नायटा असेल तर तो अंगभर पसरतो. केंद्र सरकारने २०१८ साली अशी कित्येक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम आहे, आणि दुकानात ट्यूबही मिळते. बहिणीच्या घरी गेलेली ती ट्यूब सिस्टरांनी आमच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकली.

पथ्याचे तर विचारूच नका. अंडे नको, सुकट नको, बोंबील नको, वांगे नको, आंबट नको. खाल्ले तर पू होतो, खाज सुटते. पोरगी दीड महिना वरण-भातावर होती, आणि वरणही पातळ. नवी कातडी कशाची बनते? प्रथिनांची. अंडी, मासळी, मटण, मटकी, हरभरा, शेंगदाणे, दूध यांची जखमेला गरज असते. पेरू, आवळा, लिंबू यांतील क जीवनसत्त्वाशिवाय जखम धड भरत नाही. ज्याला मुळातच एखादी मासळी सोसत नाही, खाल्ली की अंगावर गांधी येतात, त्याने ती टाळावी. बाकीच्यांनी का टाळावी? रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी रोज दोन अंडी लिहून दिली तेव्हा आजीने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्हीच त्या बाईंना फितवले होते.

मग खरे उपाय कोणते?

डॉक्टरांनी रात्रीसाठी खाज कमी करणारी गोळी दिली. सेटिरिझिन, हायड्रॉक्सिझिन ही त्या जातीची औषधे. ती हिस्टामिनला अडवतात. त्यांनी झोप येते, त्यातही दुसरीने जास्त. म्हणून ती घेऊन मशीनवर कामाला बसू नये, दुचाकी चालवू नये. तळोज्याच्या कंपन्यांत पाळीवर जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. भाचीला पंधरा दिवसांत निम्मे बरे वाटले, पण टोचणे नि मुंग्या राहिल्या. ती खाज नसांची होती, तिला हिस्टामिनची गोळी पुरत नाही. मग गॅबापेंटिन नावाचे औषध कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवले. ते आपल्या मनाने घ्यायचे नसते आणि एकदम थांबवायचेही नसते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने कोणतीही गोळी घेण्यापूर्वी तसे स्पष्ट सांगावे.

गोळीपेक्षा जास्त काम मात्र तेलाने केले. जखम पूर्ण बंद झाल्यावर, तिच्यातून पाणी किंवा रक्त येत नाही याची खात्री झाल्यावर, दिवसातून चार-पाच वेळा साधे खोबरेल तेल किंवा बिनवासाचे पांढरे पेट्रोलियम जेली. महागड्या क्रीमची गरज नाही. वासाची, रंगाची तर नकोच. बोटाच्या पेराने, नख न लावता, गोल गोल दाबत चोळायचे. यामुळे वणही मऊ होतो. जिथे कातडी फाटली होती तो कोपरा सोडून आधी बाकीच्या गळ्यावर हे सुरू केले. कोपरा भरायला सहा आठवडे गेले. पुन्हा शस्त्रक्रिया लागली नाही हे नशीब.

आंघोळ कोमट पाण्याने. कढत पाणी खाजेला त्या क्षणी गोड वाटते आणि तासाभरात दुप्पट वसूल करते. साबण सौम्य, आणि तो पूर्ण निघाला पाहिजे. आता हे लिहायला सोपे आहे. एप्रिल-मे महिन्यात पनवेल शहरात पाण्याची काय गत होते हे आम्हांस ठाऊक आहे. देहरंग धरण आटू लागले की नळ एक दिवसाआड येतो. एका बादलीत साबण कुठून निघायचा? आमच्या बहिणीने तोड काढली ती अशी: साबण फक्त काखेत आणि पायांना, गळ्याला नुसते पाणी, आणि शेवटचा तांब्या गळ्यासाठी राखून ठेवायचा. सिस्टरांनी याला होकार दिला. टॉवेलने घासायचे नाही, टिपून घ्यायचे आणि अंग ओलसर असतानाच तेल लावायचे.

फार खाज आली की खाजवण्याऐवजी तळहाताने दाबून धरावे किंवा हलके थोपटावे. ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांनी माठाच्या पाण्यात सुती फडके भिजवून पिळून दहा मिनिटे ठेवावे. बर्फ थेट लावू नये, रोपण केलेल्या कातडीला संवेदना कमी असते, बर्फाने इजा झालेली कळतही नाही. नखे मुळापासून कापावीत. लहान मूल असेल तर रात्री हातांवर सुती मोजे चढवावेत. कपडे सुती आणि सैल. नवी कातडी उन्हात काळी पडते, म्हणून ओढणी किंवा पदर घ्यावा, पण नायलॉनचा नको.

दाबाचे कपडे हा एक कठीण विषय. वण जाड होऊन उठू नये म्हणून मापाचा घट्ट इलॅस्टिकचा कपडा देतात. तो दिवसाचे तेवीस तास घालायचा असतो, आंघोळ आणि मालिश एवढीच सुटी. वण दबला की खाजही कमी होते. पण पनवेलच्या दमट हवेत मे महिन्यात ते गळ्याभोवती घालून पत्र्याच्या घरात बसणे म्हणजे काय, हे ज्याने लिहून दिले त्याने एकदा करून पाहावे. भाचीने तो दोनदा काढून फेकला. शेवटी दोन जोड घेतले, एक अंगावर, एक सावलीत वाळत. घाम आला की बदलायचा. सिलिकॉनची पट्टीही मिळते, धुऊन पुन्हा वापरता येते, पण किंमत ऐकून आम्ही ती लहानशीच घेतली, गळ्याच्या उठलेल्या भागापुरती.

प्रत्येक खाज एकच नसते

पट्टीच्या चिकटपट्टीखाली, तिच्याच आकाराची लाल चौकट उठून खाजत असेल तर ती चिकटपट्टीची ॲलर्जी आहे, बदलून मागावी. औषध घेतल्यावर सर्वांगाला खाज, अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणे, धाप लागणे असे झाले तर सकाळची वाट न बघता लगेच रुग्णालय गाठावे, जिवावरचे प्रकरण असू शकते. जागा गरम, लाल, दुखरी होऊन पू किंवा ताप आला तर तो जंतुसंसर्ग. आणि घरातल्या सर्वांनाच रात्री खाजत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ असेल, तर ती शस्त्रक्रियेची नव्हे, खरूज आहे. एका खोलीत सात माणसे झोपतात तिथे ती एकाला होऊन राहत नाही. सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे लागते.

आणखी एक प्रकार आपल्या लोकांत पुष्कळ दिसतो. कान टोचल्यावर, टाके पडल्यावर किंवा साध्या फोडानंतर वण वाढू लागतो, जखमेच्या हद्दीबाहेर पसरतो, कडक होतो आणि सतत खाजतो. त्याला केलॉइड म्हणतात. सावळ्या कातडीत तो अधिक होतो. छाती, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. तो नुसता कापून टाकला तर बहुधा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो. त्यात इंजेक्शन देतात, दाब देतात, कधी हे सर्व मिळून करतात. ज्याच्या अंगावर आधीच असा वण आहे त्याने फाटलेली कानाची पाळी शिवून घेण्यासारखी छोटी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी तो डॉक्टरांना उघडून दाखवावा.

खाज नसलेला डागही असतो. फिकट किंवा लालसर चट्टा, खाजत नाही, टोचले तरी कळत नाही, असा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. पनवेलकरांना नेऱ्याचे शांतिवन ठाऊक आहे. औषधाने हा रोग बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते.

कुष्ठरोगाचा विषय निघाला म्हणून 'नट्यांची थेरं' म्हणणाऱ्या त्या बाईंना आम्ही जे सांगितले ते इथेही सांगतो. आपल्याकडे प्लॅस्टिक सर्जरी उभी करणाऱ्यांत डॉ. नोशीर अंतिया यांचे नाव मोठे आहे. इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात रुग्णांची बसलेली नाके आणि वाकडी बोटे नीट करीत होता. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्याचे काम शिकवले. २००७ साली ते गेले.

त्याहून जुनी हकिकत कावसजीची. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मराठी गडी १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. वर्षभराने पुण्याजवळच्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक बसवले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिकत चित्रासह छापून आली, आणि तीवरून इंग्रज डॉक्टर ही विद्या शिकले. शस्त्रक्रिया करणारा तो माणूस विटा पाडणाऱ्या जातीचा होता. बैल हाकणाऱ्याचे नाव छापले, नाक बसवणाऱ्याचे नाही. तेव्हा ही विद्या श्रीमंतांची हौस म्हणून आली असे कुणी समजू नये.

याच शस्त्रक्रियेची एक गंमत आहे. कपाळाची कातडी नसांसकट वळवलेली असल्याने नाकावर माशी बसली तर रुग्णाला बराच काळ कपाळावर बसल्यासारखे वाटते, आणि खाज कुठे आली नि हात कुठे न्यायचा याचा त्याला घोळ होतो. भाचीला हे सांगितले तेव्हा शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा ती मोकळेपणी हसली. म्हणाली, "बरंय मामा, माझं गळ्याचं गळ्यालाच खाजतंय."

गेल्या पावसाळ्यात आमच्या चाळीत एक तीन वर्षांचा मुलगा डाळीच्या उकळत्या पातेल्याने भाजला. या खेपेला मात्र कुणी टूथपेस्ट लावली नाही की शाई ओतली नाही. नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे हात धरला, स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळला आणि उपजिल्हा रुग्णालयात नेला. पुढे त्याला ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये न्यावे लागले, ते रुग्णालय खास भाजलेल्यांसाठीच आहे. तो घरी आल्यावर भाची त्याच्या आईकडे गेली. आम्ही सोबत होतो. आई सांगत होती, "रात्रभर किरकिर करतो, दुखत असेल." भाचीने पोराला विचारले, "दुखतं की खाजतं?" पोराने हात पुढे केला नि म्हणाला, "खाज, खाज." दुसऱ्या दिवशी त्या बाईने रुग्णालयात हाच शब्द सांगितला आणि औषध मिळाले.

भाचीला शस्त्रक्रिया होऊन वर्षे झाली. मान दोन्हीकडे वळते. तिच्या शेवटच्या तपासणीलाही आम्ही गेलो होतो. ओपीडी नेहमीसारखी भरलेली, डॉक्टरही नवे, तरुण. त्यांनी कागद चाळून विचारले, "काय त्रास?" ती सर्वांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "खाज. आता थोडीच आहे, उन्हाळ्यात वाढते." त्यांनी गळ्यावर बोट फिरवून पाहिले आणि गोळी बंद केली. तेल चालू ठेवायला सांगितले. तिच्या डब्याच्या पिशवीत खोबरेलची छोटी बाटली असते, जेवणाच्या सुटीत लावते.